लेन्स हूड : भिंगापुढच्या सावलीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय अगदी लहान वस्तूचा आहे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे जे काळं कडं लावतात, तो लेन्स हूड. कॅमेरा घेताना भिंगाची चर्चा तासभर चालते, हूडची पाळी येते ती "याच्याबरोबर फुकट काय मिळतं?" असं विचारताना. पुष्कळांच्या पिशवीत तो भिंगावर उलटा बसवलेला असतो आणि फोटो काढतानाही उलटाच राहतो. आपल्या भिंगाला योग्य हूड कोणता, हे आपल्याला आज ठरवता यायला हवं. ते ठरवण्यामागची जी भूमिती आहे, ती आपल्या पुण्यात आणि आसपास गेली सव्वाशे वर्षं किती मोठ्या कामांसाठी वापरली गेली, हे बघत बघत आपण तिथे पोचणार आहोत.

आधी मुळापासून सुरुवात करू. उन्हात लांबचं काही बघायचं असलं, की आपण कपाळावर आडवा हात धरतो. आपण बघत असतो समोर, आणि सूर्य असतो वर. म्हणजे ज्याच्याकडे आपण बघतच नाही, त्याचाच त्रास डोळ्याला होतो. भिंगाचंही तेच आहे. चौकटीबाहेरचा दिवा किंवा सूर्य फोटोत दिसत नसतो, पण त्याचा प्रकाश काचेवर तिरका पडतो आणि आत शिरतो.

आत शिरल्यावर काय होतं? साध्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. १९०२ साली झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी 'टेसार' नावाचं भिंग बनवलं. त्यात चार काचा आहेत, दोन एकमेकींना चिकटवलेल्या, म्हणजे हवेला लागणारे सहा पृष्ठभाग. सहा वेळा चार-चार टक्के गेले, की आरपार पोचतो साधारण ७८ टक्के. उरलेला बावीस टक्के प्रकाश नाहीसा होत नाही. त्यातला काही आल्या वाटेने बाहेर जातो, आणि काही काचांच्या मध्ये टोलवाटोलवी करत शेवटी फिल्मवर येऊन पडतो, जिथे त्याचं काही काम नाही.

याचे परिणाम दोन. एक, चित्रात गोल किंवा षटकोनी ठिपके दिसतात. ते निदान दिसतात तरी. दुसरा परिणाम जास्त वाईट. सगळ्या चित्रावर एक पातळ पांढुरका पडदा येतो. काळं काळं राहत नाही, राखाडी होतं. रंग धुतल्यासारखे फिके पडतात. बघणारा म्हणतो, "भिंग काही खास नाही." भिंग चांगलंच असतं, सावली नसते.

आता इतिहासाकडे येऊ. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक वेधशाळा होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून ती उभी राहिली, म्हणून तिला त्यांचंच नाव होतं. तिथे २० इंची परावर्तक दुर्बीण होती, आणि ती सांभाळणारे प्राध्यापक होते कावसजी दादाभाई नायगामवाला. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं. त्याचा पट्टा आपल्या महाराष्ट्रावरून गेला. नायगामवाला आपली उपकरणं घेऊन पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या जेऊरला गेले. करमाळा तालुक्यातलं हे गाव, पण त्या दिवशी तिथे अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तळ ठोकून होते. एवढा खटाटोप सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

याचा लेन्स हूडशी काय संबंध? सूर्याभोवती प्रभामंडळ असतं. त्याचं तेज सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखांश. म्हणजे ज्याचा फोटो हवा, त्याच्या दहा लाखपट तेजस्वी दिवा अगदी शेजारी पेटलेला. अशा वेळी चंद्र मध्ये येतो आणि बिंब नेमकं झाकतो. चंद्र हा निसर्गाने भिंगापुढे पावणेचार लाख किलोमीटरवर धरलेला हूड आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मग कोणी विचारेल, चंद्राची वाट कशाला बघायची? रोज एखादी चकती धरून बिंब झाकलं तर? करून बघा, मात्र सूर्याकडे थेट न बघता. एखाद्या इमारतीच्या कोपऱ्याआड सूर्य पूर्ण लपेल असे उभे राहा. सूर्य दिसत नाही, तरी त्याच्या भोवतालचं आकाश लखलखीतच असतं. कारण आपल्यापुढच्या हवेवर ऊन पडतंच आहे, आणि ती हवा ते विखुरते आहे. ग्रहणात चंद्र हवेच्याही पलीकडे असतो, त्यामुळे आपल्या डोक्यावरच्या हवेवरही सावली पडते. यातून आपल्या विषयाचा पहिला धडा मिळतो. हूड काचेवर पडणारा फालतू प्रकाश अडवतो. काचेपुढच्या हवेतलं धुकं, धूळ, धूर याला तो काहीही करू शकत नाही. हिवाळ्यातल्या सकाळी सिंहगडावरून खालचं पुणं धुरकट दिसतं, तेव्हा कितीही महाग हूड लावला तरी ते धुरकटच येणार.

पुढे १९३०च्या सुमारास बर्नार्ड लिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दुर्बिणीच्या आतच कृत्रिम चंद्र बसवला आणि ग्रहणाशिवाय प्रभामंडळ पाहिलं. पण त्यासाठी त्याला पिरेनीज पर्वतातल्या उंच शिखरावर, विरळ आणि स्वच्छ हवेत जावं लागलं. आज हवेचा प्रश्न सोडवण्यासाठी आपण अवकाशातच जातो. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य एल-१ यानावर असं बिंब झाकणारं उपकरण आहे, आणि त्याच यानावरचं 'सूट' हे सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारं उपकरण आपल्या पुण्यातल्या आयुकाच्या पुढाकाराने झालं. त्याही पुढची गोष्ट म्हणजे ५ डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्याच पीएसएलव्हीने युरोपची प्रोबा-३ ही मोहीम सोडली. त्यात दोन याने आहेत. एकावर कॅमेरा, आणि दुसऱ्यावर सुमारे १.४ मीटर व्यासाची चकती. दोघांमधलं अंतर सुमारे १५० मीटर. पुढचं यान मागच्यावर सावली धरतं.

इतकं अंतर कशाला? हा दुसरा धडा. झाकण काचेच्या अगदी जवळ असलं, की त्याच्या सावलीची कड पसरट पडते. काचेच्या एका काठाला सावली मिळते, दुसऱ्या काठावर प्रकाश येतच राहतो. झाकण लांब नेलं आणि त्या प्रमाणात मोठं केलं, की सावलीची कड धारदार होते. काचेला चिकटलेला चिमुकला हूड आणि चांगला लांब-रुंद हूड यांत हाच फरक असतो.

आता आकाशातून खाली येऊ, सिनेमाकडे. महाराष्ट्रातला सुरुवातीचा सिनेमा उन्हावर चालला. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी तर कॅमेरा इथेच बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, पण बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला. त्यांचा 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन थिएटरमध्ये लागला. या सगळ्यांचा मुख्य दिवा म्हणजे सूर्य, आणि भिंगं बिनलेपाची.

आता यातली अडचण बघा. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवला, तर भिंग सुरक्षित राहतं, पण माणसाचा चेहरा सपाट येतो आणि नट डोळे किलकिले करतो. सूर्य नटाच्या मागे किंवा बाजूला नेला, तर केसांना, खांद्यांना उजेडाची कड मिळते, आकृती पार्श्वभूमीपासून सुटी होते. पण मग तोच सूर्य भिंगात घुसतो. म्हणून त्या काळात जगभरच्या कॅमेरामननी हाताला येईल ते वापरलं. छत्री, पुठ्ठा, टोपी, काळं फडकं. पुढे त्यातूनच भात्यासारखी घडी पडणारी काळी पेटी आली, तिला मॅट बॉक्स म्हणतात. आजही शूटिंगच्या कॅमेऱ्यापुढे ती दिसते. भिंग बदललं की भाता पुढे-मागे करायचा. एकच हूड, पण प्रत्येक भिंगासाठी वेगळ्या लांबीचा.

१९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. लॉ कॉलेज रस्त्यावरचा तिचा स्टुडिओ, तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि प्रभात रस्त्याला नाव तिचंच. पुण्यातल्या पहिल्या काळातलं मोठं चित्र म्हणजे शांतारामबापूंचं 'अमृतमंथन', १९३४ सालचं. त्यात चंद्रमोहन यांच्या डोळ्याचा पडदाभर दिसणारा शॉट आहे. टेलिफोटो भिंगाने घेतलेला तो शॉट सिनेमाच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो. टेलिफोटो भिंग फार अरुंद कोनातून बघतं. त्याच्या त्या चिमूटभर कोनाबाहेर जे जे दिवे आहेत, ते सगळे त्याच्या दृष्टीने फालतूच. स्टुडिओत तर दिवे चहूकडे टांगलेले. म्हणून स्टुडिओत सावली तीन ठिकाणी धरतात. दिव्यालाच झापा लावायच्या, मग मध्ये स्टँडवर काळ्या कापडाचे फ्लॅग आणि कटर उभे करायचे, आणि शेवटी भिंगापुढे मॅट बॉक्स. फ्लॅग बरोबर बसला का, हे बघायची युक्ती सोपी आहे. भिंगाच्या काचेकडे बघायचं. काचेवर दिव्याचा प्रकाश पडलेला दिसला, की फ्लॅग सरकवायचा. घरी फोटो काढतानाही ही युक्ती तशीच चालते.

इथे जरा थांबून सांगायला हवं, की एवढी काळजी कशासाठी. १९३६ चा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पण त्या काळची फिल्म नायट्रेटची, भडकन पेट घेणारी. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातला मोठा ठेवा गेला. आज १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, पुण्यातच, जे जपलं आहे, त्यातलं पुष्कळसं प्रतीवरून काढलेली प्रत अशा स्वरूपाचं आहे. प्रत्येक प्रतीत थोडा काळेपणा, थोडा बारकावा कमी होतो. फिल्म दुरुस्त करणारी मंडळी ओरखडे पुसू शकतात, थरथर काढू शकतात. पण चित्रीकरणाच्या क्षणीच सावलीतला बारकावा फालतू प्रकाशाखाली बुडाला असेल, तर तो परत आणता येत नाही. कॉन्ट्रास्ट वाढवला तर काळं आणखी काळं होतं, त्यात लपलेला चेहरा काही परत येत नाही. नव्वद वर्षांनी आपण जे बघतो, ते त्या दिवशी भिंगापुढे किती नीट सावली धरली होती, यावरही अवलंबून असतं. आपल्या घरच्या लग्नाच्या, बारशाच्या फोटोंनाही हाच नियम लागू आहे. संगणकावर धुरकटपणा काढायची सोय आहे, पण मूळ फाइलमध्ये जे नोंदलंच गेलं नाही, ते ती कुठून आणणार?

आता कोणी म्हणेल, हे जुन्या भिंगांचं झालं. आता काचेवर लेप असतो. बरोबर आहे. १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये डेनिस टेलर यांच्या लक्षात आलं, की जुनं होऊन डागाळलेलं भिंग नव्यापेक्षा जास्त प्रकाश आरपार सोडतं. १९३५ साली झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर मुद्दाम पातळ थर देण्याची पद्धत काढली. युद्धाच्या काळात ती लष्करी गुपित राहिली, आणि नंतर बाजारात आली. सत्तरच्या दशकात अनेक थरांचे लेप आले. चार टक्क्यांचं परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलं.

पण त्याच काळात भिंगांतल्या काचाही वाढल्या. सहा पृष्ठभाग असले, तर दोन-दोन पृष्ठभागांमधल्या टोलवाटोलवीच्या जोड्या होतात १५. आजच्या एखाद्या झूममध्ये हवेला लागणारे २८ पृष्ठभाग असतील, तर जोड्या होतात ३७८. शिवाय धूळ आणि बोटाचा ठसा यांच्यावर लेपाचा इलाज नाही. लेपामुळे हूडची गरज कमी झाली, संपली नाही.

तर आता मुख्य प्रश्न. आपल्या भिंगाला कोणता हूड? सूत्र एका वाक्यात सांगतो : चौकटीत न येणारी सगळ्यात लांब सावली, ती योग्य सावली. यातून बाकी सगळं निघतं.

पहिली गोष्ट, कोन. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरचं भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ८४ अंश बघतं, ५० मिलिमीटरचं ४७ अंश, ८५ चं साधारण २८ आणि २०० मिलिमीटरचं जेमतेम १२ अंश. म्हणून वाइड भिंगाचा हूड बशीसारखा उथळ, आणि टेलिफोटोचा नळकांड्यासारखा लांब. हिशेबही अवघड नाही. हूडच्या तोंडाच्या त्रिज्येतून भिंगाच्या उघडझापीच्या छिद्राची त्रिज्या वजा करायची, आणि अर्ध्या कोनाच्या टॅन्जंटने भागायचं. ५० मिलिमीटर, एफ २ चं भिंग घेऊ. पुढून दिसणारं छिद्र २५ मिलिमीटरचं, त्रिज्या १२.५. हूडचं तोंड ६० मिलिमीटर, त्रिज्या ३०. फरक १७.५. अर्धा कोन २३.४ अंश, त्याचा टॅन्जंट ०.४३. भागाकार येतो सुमारे ४० मिलिमीटर. हे अंतर छिद्र जिथे दिसतं तिथपासून मोजायचं. ते काचेच्या १५ मिलिमीटर आत असेल, तर हूड काचेपुढे २५ मिलिमीटर आला पाहिजे. याहून लांब झाला, की कोपरे काळवंडायला लागतात.

दुसरी गोष्ट, आकार. फुलाच्या पाकळ्यांसारखा कापलेला हूड शोभेसाठी नसतो. चौकट आयताकृती असते, भिंगाचा कोन कोपऱ्यांकडे सगळ्यात मोठा, म्हणून तिथे हूड खोल कापलेला. वर-खाली कोन सगळ्यात लहान, म्हणून तिथल्या पाकळ्या लांब. पण फोकस करताना भिंगाचा पुढचा भाग गरगर फिरत असेल, तर पाकळी कोपऱ्यात येईल. अशा भिंगाला गोलच हूड घ्यावा.

तिसरी, झूम. झूमचा हूड त्याच्या सगळ्यात रुंद टोकासाठी कापलेला असतो. म्हणजे १८-५५ झूम ५५ वर नेलं, की तोच हूड तोकडा पडतो. तिथे हूडच्या पुढे तळहात धरायचा, तो चौकटीत येत नाही एवढं बघून.

चौथी, सेन्सर. फुल फ्रेमचं भिंग क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावलं, तर कोन लहान होतो. मग कंपनीचा हूड गरजेपेक्षा उथळ ठरतो, आणि त्याहून खोल हूड चालतो. उलट मात्र करू नका.

पाचवी, बसवण्याची रीत. कंपन्यांच्या क्रमांकांतच पुष्कळ माहिती असते. निकॉनमध्ये एचबी म्हणजे फिरवून अडकवायचा, एचएन म्हणजे आट्यांचा, एचआर म्हणजे रबरी. कॅननमध्ये ईडब्ल्यू वाइडसाठी, ईएस मधल्या भिंगांसाठी, ईटी टेलिफोटोसाठी. फिल्टरच्या आट्यांवर बसणारा स्वस्त हूड घेताना एक ध्यानात ठेवा : आधी फिल्टर आणि त्यावर हूड लावला, की हूड तेवढा पुढे सरकतो आणि वाइड भिंगात कोपरे कापतो. आतली बाजू चकचकीत असेल, तर तो हूड घेऊच नका. आतून मखमली किंवा खाचा असलेला, मंद काळा हवा. रेल्वेच्या किंवा संग्रहालयाच्या काचेतून फोटो काढायचा, तर रबरी हूड काचेला टेकवून धरावा. आतले दिवे काचेत दिसत नाहीत.

हूड कधी काढून ठेवायचा तेही सांगतो. सूर्य चौकटीतच असेल, तर हूडचा उपयोग नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरताना हूडची सावली चित्रात पडते. तिपाईवर, जोराच्या वाऱ्यात, मोठा टेलिफोटो हूड शिडासारखा वारा धरतो आणि चित्र हलतं. पण विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर, जिथे चारी बाजूंनी दिवे, वरून गुलाल आणि मागून कोपराचा धक्का, किंवा दिवे घाटात पालखीच्या वेळी भुरभुर पावसात, तो काचेची राखणही करतो.

घरी गेल्यावर दोन चाचण्या करा. पांढऱ्या भिंतीसमोर झूम सगळ्यात रुंद ठेवा, फोकस अनंतावर, आणि छिद्र पूर्ण उघडं ठेवून एकदा हूडसह, एकदा हूडशिवाय फोटो काढा. मग छिद्र एफ १६ वर नेऊन पुन्हा तेच. कोपऱ्यांत फरक दिसला, तर हूड लांब आहे. दुसरी चाचणी संध्याकाळी. टेबलावरचा दिवा चौकटीच्या जेमतेम बाहेर ठेवा, समोर एक काळं कापड टांगा, आणि हूडसह, हूडशिवाय फोटो घ्या. दोन्हींतला काळा रंग शेजारी ठेवून बघा. मोबाइलला हूड नसतो, तिथे तळहाताची सावली धरून हाच प्रयोग होतो. फरक दिसला तर हूडने त्याचं काम केलं. काहीच दिसला नाही, तर हूड आतून चकाकतो आहे का, आणि दिव्याचा उजेड काचेवर अजून पडतो आहे का, हे आधी बघा. नंतरच नवा घ्यायला दुकानात जा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.